दोघांत एक जाग

बार्शीच्या शर्मिला बारबोलेनं सख्ख्या नवऱ्याला सामान म्हणून जमा केलं, त्याचा पितळी बिल्ला पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला, चेन लागली की नाही ते दोनदा चाचपलं आणि पोर्तो शहर बघायला ती एकटीच बाहेर पडली.

हे वाचून कुणाला धक्का बसला असेल, तर तो गृहस्थ गेल्या पाच-सात वर्षांत स्वस्तात परदेशी गेलेला नाही, असं खुशाल समजावं.

पूर्वी असं नव्हतं. पाठीवर सॅक टाकून जग हिंडणारी माणसं होती आणि त्यांच्यासाठी परवडणारी होस्टेलं होती. एका खोलीत आठ दुमजली खाटा, सामाईक न्हाणीघर, सकाळी पाव आणि जॅम. मग शहरांना पाहुण्यांचा कंटाळा आला. गावातल्याच माणसांना राहायला घर मिळेना, म्हणून घरं पाहुण्यांना द्यायला बंदी आली. उरलेल्या खाटांवर डोईमागे रात्रपट्टी बसली. ती दर मोसमाला वाढत गेली. शेवटी लिस्बनमधल्या वरच्या खाटेचं आठवड्याचं भाडं ऐकून बार्शीतल्या माणसानं विचारावं, की खालच्या जागेसकट देताय का? नागपूरच्या एका पोरानं म्हणे गोल फिरणाऱ्या ट्राममध्ये बसल्या बसल्या अख्खी सुट्टी काढली. परत आल्यावरही तो घरात डावीकडे वळत नसे. व्हेनिसात भिंतीला पट्ट्यानं बांधून उभ्यानं झोपायची सोय निघाली, आणि तिच्यासाठीसुद्धा ओळख लावावी लागायची.

अशात शास्त्रज्ञांनी एक शोध लावला, तोही या कामासाठी नव्हे. अस्वल हिवाळाभर गुहेत पडून राहतं, बेडूक उन्हाळाभर मातीत. ना खाणं, ना पिणं. त्यांचं शरीर आपली शेगडी स्वतःच मंद करून ठेवतं. माणसाच्याही मेंदूच्या तळाशी ही शेगडी कमीजास्त करणाऱ्या पेशी असतात. फक्त त्यांचं बटण सापडत नव्हतं. ते सापडलं. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीबाहेरून त्या हरभऱ्याएवढ्या जागेवर नेमक्या सोडल्या, की पेशींना वाटतं, हिवाळा आला. तासाभरात अंग गार पडू लागतं. नाडी मिनिटाला पाच-सहा ठोक्यांवर येते. श्वास इतका सावकाश, की समोर धरलेल्या आरशावर वाफ धरायलाही वेळ लागावा. भूक नाही, तहान नाही, स्वप्नसुद्धा नाही. लहरी थांबवल्या की शेगडी पुन्हा पेटते आणि माणूस अर्ध्या तासात चहा मागतो.

ही लहरी सोडणारी टोपी मंगळावर जाणाऱ्यांसाठी केली होती. मंगळाची मोहीम नेहमीप्रमाणे पुढे ढकलली गेली, टोप्या गोदामात पडून राहिल्या, आणि एका होस्टेलवाल्यानं त्या भंगाराच्या भावात उचलल्या. त्यानं भिंतभर लांबट खण केले, एकावर एक, आणि त्यांत पाहुणे झोपवले. महापालिकेनं रात्रपट्टी मागितली. हा पठ्ठ्या कोर्टात गेला. त्याचा वकील म्हणाला, मुक्कामाला राहिलेला माणूस जेवतो, आंघोळ करतो, संडासला जातो, शेजाऱ्याची झोपमोड करतो. माझ्या अशिलाच्या खणातली माणसं यातलं काहीही करत नाहीत. सुटकेस करते तेवढंच ती करतात. न्यायाधीशांना ते पटलं. खणातला माणूस कायद्यानं 'ठेवलेली वस्तू' ठरला आणि त्याच उन्हाळ्यात ते न्यायाधीश सहकुटुंब स्वस्तात ग्रीस करून आले, असं सांगणारे सांगतात.

मग निघालं जोडतिकीट. दोघांनी यायचं. एकानं खणात झोपायचं, दुसऱ्यानं एक खाट घेऊन शहर बघायचं, तीन दिवसांनी अदलाबदल. गाव बदलताना झोपलेला खणासकट सामानाच्या डब्यातून जाणार. दोन माणसं, एक खाट, एक ताट. झोपलेल्याचा बिल्ला जागा असेल त्याच्याकडे. बिल्ला दाखवल्याशिवाय खण उघडत नाही. पंधरवड्यातून एकदा मात्र डॉक्टरसाठी तासभर उठवावंच लागतं.

शर्मिलाचे यजमान रणजित बारबोले भूगोलाचे मास्तर. जगातल्या सगळ्या नद्या त्यांना उगमापासून मुखापर्यंत पाठ. प्रत्यक्ष पाहिलेली सगळ्यात लांबची नदी नर्मदा, तीही रेल्वेच्या खिडकीतून. निवृत्त झाले त्या दिवशी शाळेनं दिलेली शाल त्यांनी सॅकमध्ये घातली आणि जाहीर केलं, की आता जग बघायचं.

जोडतिकिटाची जाहिरात त्यांनीच शोधली. शर्मिलानं ती वाचून चष्मा काढला.

"अहो, पण एक झोपणार आणि एक फिरणार, मग बरोबर गेलो असं कसं म्हणायचं?"

"बरोबरच की! एकाच तिकिटावर."

"आणि बोलायचं कुणाशी?"

"अगं, एक चहा आपण दोघांत घेतो का नाही? तसंच हे. एक जाग दोघांत. आणि शेवटी एक रात्र ठेवलीय ना मी आपल्यासाठी. जिथं युरोपची जमीन संपते, तिथं. खरी खोली, दोघंही जागे. लग्नाच्या वाढदिवसाला."

त्या एका रात्रीसाठी मास्तरांनी वेगळे पैसे बाजूला काढले होते. बाकी सगळा प्रवास एकीकडे आणि ती रात्र एकीकडे, असा तिचा दर होता. ते पैसे बघितल्यावर शर्मिलाचा विरोध संपला. माणूस आपल्यासाठी एवढं बाजूला काढतो म्हटल्यावर बोलायचं काय?

पहिलं गाव लुब्लियाना. तिथं ती सकाळी नदीवरच्या एका पुलावर जाऊन उभी राहिली आणि सवयीनं थांबली. आता कुणीतरी सांगेल, हा पूल कोणी बांधला, कधी, ही नदी कोणत्या नदीला मिळते, आणि तू उभी आहेस ती बाजू चुकीची आहे, फोटो पलीकडून चांगला येतो. कुणी काही सांगितलं नाही. पूल नुसताच पूल राहिला. खालून पाणी गेलं. एका खिडकीत एक बाई गादी झटकत होती. शर्मिला बराच वेळ तिथंच उभी होती, आणि निघताना आपल्याला काय झालंय हे तिला समजेना. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की तिला मजा येतेय.

अदलाबदलीच्या वेळी दोघांना चहापुरती भेट मिळे. एक नुकता उठलेला, एक झोपायला निघालेला. त्या चहात मास्तर बोलायचे. काय बघितलंस, ते नाही बघितलंस? मग काय बघितलंस? ती सांगायला तोंड उघडायची तोवर ते पुढच्या गावाच्या हवामानावर गेलेले असायचे. मग टोपी, मग हिवाळा.

आता पोर्तो. इथं मंगळवारी सकाळी मास्तरांना जमा करून शर्मिला समुद्राकडे गेली आणि तिचं सगळं गणित बिघडलं.

किनाऱ्याच्या खडकांत एक तलाव बांधला होता. भरतीला लाटा भिंत ओलांडून आत येत, ओहोटीला पाणी मागं राही. त्यात सात-आठ बायका पोहत होत्या, सगळ्या तिच्याच वयाच्या किंवा पुढच्या, अंगात काळे रबरी पोशाख. काठावर टाचा वाजवत एक ताठ कण्याची म्हातारी त्यांना ओरडत होती. शर्मिलाच्या कानात दुभाष्या होता. पण तो बनवणाऱ्यांनी त्याला मराठी शिकवली होती बातम्यांवरून, त्यामुळे अख्खं पोर्तुगाल तिच्याशी बातम्या दिल्यासारखं बोलायचं.

म्हातारी वळून म्हणाली आणि कानात गंभीर आवाज आला, "आपण केवळ अवलोकन करणार आहात, की पाण्यात प्रवेशही करणार आहात?"

"मी? छे हो," शर्मिला म्हणाली. "आमच्याकडे पाणीच नसतं."

ते खोटं नव्हतं. बार्शीत पाण्याला पाळी असते. नळ आला की घरातली कळशीपासून कढईपर्यंत सगळी भांडी भरायची, आणि लग्न होऊन आल्यापासून ती भरायचं काम शर्मिलाचं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली होता, तो त्या बादल्यांनी.

पण त्याच्याही आधी मामाची विहीर होती. पाठीला रिकामा कॅन बांधून मामानं तिला त्या विहिरीत ढकललं होतं, आणि त्या उन्हाळ्याच्या शेवटी कॅन सुटला तरी ती बुडाली नव्हती. पुढं ती मोठी झाली, विहीर बंद झाली, मग लग्न, मग नळ. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

म्हातारीचं नाव इल्दा. तिनं शर्मिलाला पोशाख उसना दिला. तो चढवताना दोन बायकांनी तिला धरलं आणि तिसरीनं ओढलं. आरशात बघून शर्मिला म्हणाली, "अगं बाई, म्हैस!" दुभाष्यानं ते कसं पोचवलं कोण जाणे, पण सगळ्या खोखो हसल्या आणि इल्दानं आपल्याच पोटावर थाप मारून दाखवली.

पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा श्वासच अडकला. मग हात हलले, पाय हलले. हातपायांना आठवत होतं. ती उताणी झाली, कान पाण्याखाली गेले, आणि जगाचा आवाज बंद झाला. आयुष्यभर तिनं पाणी उचललं होतं. आज पाण्यानं तिला उचललं.

बुधवारी ती पुन्हा गेली. गुरुवारी इल्दानं भिंतीपलीकडे बोट दाखवलं. आत समुद्रात एक काळा खडक होता, फार लांब नाही, पण समुद्रातच. उन्हाळ्याच्या पहिल्या रविवारी इल्दाच्या बायका भिंत ओलांडून त्या खडकापर्यंत पोहत जातात, त्याला हात लावतात आणि परत येतात. वर्षातून एकदा, आणि यंदाचा तो रविवार तीन दिवसांवर आला होता. सोबत एक होडी असते.

"आपला सहभाग अपेक्षित आहे," कानातला आवाज म्हणाला.

शर्मिलानं मनात दिवस मोजले. शुक्रवारी सकाळी मास्तरांना उठवायचं होतं. त्यांना उठवलं की तिनं झोपायचं. सोमवारी ते तिला खणासकट लिस्बनला नेणार. ती उठेल तेव्हा हा समुद्र, हा खडक, ह्या बायका मागं पडलेल्या असतील. आणि मास्तरांना त्या रविवारीच काम होतं. पोर्तोपासून दीड-दोन तासांवर डोंगरात एक अरुंद रुळांची, कोळशाच्या इंजिनाची गाडी होती, अगदी लहानपणी त्यांच्या बार्शीतून जायची तसली. त्या गाडीचा हा शेवटचा फेरा. मग रूळ उखडून तिथं सायकलींचा रस्ता होणार होता. मास्तरांनी हा सगळा प्रवास त्या फेऱ्याच्या तारखेला बेतला होता. झोपायच्या आधी चहा पिताना ते दुसरं काही बोललेच नव्हते.

शुक्रवारी ती खणांच्या खोलीत गेली. शवागारासारखं वाटू नये म्हणून दारादारावर फुलं रंगवलेली. काउंटरवर ऑगुस्तो नावाचा पन्नाशीचा, झोपाळू डोळ्यांचा माणूस.

"वस्तू परत घेणार?"

शर्मिलानं पर्सची चेन उघडली. बिल्ला हाताला लागला. आणि तिच्या तोंडून गेलं, "उद्या."

"हरकत नाही," ऑगुस्तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. एवढंच. ना कारण विचारलं, ना सही घेतली. चौतीस वर्षं रोज सकाळी ह्या माणसाला हाक मारून उठवणं हे तिचं काम होतं. आज पहिल्यांदा हाक मारली नाही आणि काहीसुद्धा झालं नाही. रस्त्यात ऊन होतं. ती तलावाकडे जवळजवळ पळतच गेली.

त्या दिवशी ती भिंतीबाहेर पहिल्यांदा पोहली. समुद्र आतल्या पाण्यासारखा नव्हता. तो श्वास घेत होता. इल्दा बाजूनं पोहत होती आणि तिला नुसती मानेनं सांगत होती, हां, बरोबर, हां.

संध्याकाळी खाटेवर पडल्यावर मात्र तिला खालच्या मजल्यावरचा तो खण दिसायला लागला. आपण चोरी केली का? एक दिवसाची? पण दिवस कुणाचा होता? त्यांना तर कळणारही नाही. उठल्यावर तारीख बघतील, ओरडतील. गाडी चुकलेली असेल. ती म्हणू शकेल, मशीन बिघडलं होतं. खोटं तिला तयारच सापडलं, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी ती काउंटरवर गेली तेव्हा फोनवर होस्टेलचा निरोप आला होता. 'आपली वस्तू पुढील शनिवारपर्यंत ठेवल्यास निम्मा आकार.' खाली हिरवं बटण. होस्टेलला काय, झोपलेला माणूस सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. तक्रार करत नाही.

तिचं बोट त्या बटणाच्या वर होतं. आठवडाभर. रविवारचा खडक, आणि पुढचे सहा दिवस समुद्र. डॉक्टरच्या तारखेलाही अजून अवकाश होता. गाडी तर असंही... एकदाच चुकली की चुकली.

तेवढ्यात आत एक बाई आली. चांगली साडेपाच फुटी, राखाडी केस नीट कापलेले, गळ्यात सोन्याची साखळी आणि साखळीला लॉकेटच्या जागी बिल्ला. ऑगुस्तो तिला बघून उभा राहिला, जुन्या ओळखीच्या माणसासाठी उभं राहतात तसा. एक खण उघडला. टोपी काढली. अर्ध्या तासानं एक वृद्ध गृहस्थ उठून बसला. डॉक्टरनं त्याला तपासलं. मग दोघांनी कोपऱ्यातल्या टेबलावर कॉफी घेतली. त्यानं काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. भांडण नाही, काही नाही. दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होती, दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेली माणसं बोलतात तसं. कॉफी संपली. गृहस्थ उठला, आपणहून खणात जाऊन पडला, आणि त्यानंच टोपी डोक्यावर ओढून घेतली.

बाईनं बिल्ला पुन्हा साखळीत अडकवला. शर्मिला बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"किती दिवस झाले?" शर्मिलानं विचारलं.

"पाचवं वर्ष चालू आहे," कानात बातमी आली. "प्रारंभी दोनच दिवस ठेवले होते. आमच्यात आता कोणताही वाद नाही." बाई हसली. हसू खरंच छान होतं. "याची सवय फार लवकर होते."

ती गेली. तिच्या सेंटचा वास मागं राहिला. शर्मिलानं फोन पर्समध्ये टाकला, बिल्ला काढून काउंटरवर आपटला आणि मराठीतच म्हणाली, "उठवा हो त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

अर्ध्या तासानं मास्तर उठून बसले. केस उभे, ओठ निळसर. ती चहा घेऊन समोर.

"झोप कशी लागली?" ती म्हणाली. हा प्रश्न निरर्थक होता, पण सुरुवात कुठून करायची?

मास्तरांनी भिंतीवरची तारीख बघितली. परत बघितली.

"आज शनिवार आहे."

"हो."

"शुक्रवारी उठवायचं होतं."

"हो. मी उठवलं नाही."

"मशीन...?"

"मशीन चांगलं आहे. मीच उठवलं नाही." चहा त्यांच्या हातात देताना तिनं डोळे खाली घातले नाहीत. "मला समुद्रात पोहायचं होतं."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. वर्गात एखाद्या पोरानं गंगा अरबी समुद्राला मिळते म्हणून सांगावं, तसे.

"तुला पोहता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"दहा वर्षांची होते तेव्हापासून."

"मला कधी बोलली नाहीस!"

"चौतीस वर्षांत विचारलंत कधी?"

शेजारच्या टेबलावर ऑगुस्तो कप पुसत होता. भाषा न कळताही काय चाललंय ते त्याला कळलं असावं, कारण तो एकच कप पुसत राहिला.

मग तिनं सगळं सांगितलं. तलाव, इल्दा, खडक, रविवार. हिरवं बटण. सोन्याच्या साखळीतली बाई. बटणाजवळ आल्यावर मास्तरांनी कप खाली ठेवला.

"आठवडाभर ठेवणार होतीस मला?"

"बोट वर होतं."

"माझी गाडी गेली असती."

"गेली असती."

"आणि तरी...?"

"आणि तरी बोट वर होतं, अहो. खोटं कशाला सांगू? त्याचीच तर भीती वाटली मला. म्हणून उठवलं. नाहीतर तुम्ही झोपलात की मी कशी सुखी असते, याची मला सवय झाली असती."

मास्तरांनी कप टेबलावर दोनदा गोल फिरवला. मग म्हणाले, "मी गाडी सोडतो. काठावर बसतो. भरती-ओहोटीचं तुला काय कळतंय, लाट मागं खेचते ती वेगळी..."

"काठावर बसाल आणि ओरडाल. डावीकडे वळ, पाय मार, मागं ये."

"मग काय करू? बायको बुडत असताना रेल्वेत बसू?"

"बुडत नाही हो, पोहतेय! होडी आहे सोबत. इल्दा आहे." तिचा आवाज चढला. "तुम्ही तिथं असलात ना, की मला येतं तेही येईनासं होतं. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. तुम्हाला सगळं माहीत असतं म्हणून."

हे त्यांना लागलं. चेहऱ्यावर दिसलं. शर्मिलाला वाटलं, आपण फार बोललो. पण परत घ्यायला काही नव्हतं.

"दोघं जागे राहायचं तर रात्रीचं भाडं..." मास्तर पुटपुटले, आणि थांबले. दोघांच्याही एकदमच डोक्यात आलं. ते वेगळे काढलेले पैसे. युरोपची जमीन संपते तिथली खोली.

"ती आपल्या दोघांची रात्र होती," मास्तर म्हणाले.

"हो."

"ती इथं मोडायची, आणि मग दिवसभर तू एकीकडे, मी एकीकडे?"

"हो."

"याला काय अर्थ आहे गं?"

"मला नाही माहीत," शर्मिला म्हणाली. "करून बघू या?"

मास्तरांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. मग ऑगुस्तोला हाक मारून, खुणा करून, दुभाष्यावर ओरडून त्यांनी पुढची खोली रद्द केली आणि इथली घेतली. दोन माणसांची, वरच्या मजल्यावरची. तिला खिडकी होती. ऑगुस्तोनं किल्ली देताना दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. त्याला एका जोडीला दोघांनाही जागं बघायची सवय राहिली नव्हती.

रविवारी सकाळी दाराशी मास्तर रेंगाळले. बुटाची नाडी दोनदा सोडून बांधली. काहीतरी सांगायचं होतं, बहुधा लाटेबद्दल. ते त्यांनी गिळलं, टोपी घातली आणि स्टेशनाच्या दिशेनं चालू लागले. कोपऱ्यावर त्यांनी वळून बघितलं नाही. वळले असते तर परत आले असते, हे तिला माहीत होतं.

खडकाकडे जाताना मध्यावर शर्मिलाचा दम तुटला. पुढं खडक, मागं भिंत, दोन्ही सारखीच लांब. होडीवाल्यानं वल्हं पुढं केलं. शेजारी इल्दा थांबली, पण काही बोलली नाही. आता कुणीतरी काय करायचं ते सांगेल, म्हणून शर्मिला क्षणभर तशीच तरंगत राहिली, आणि मग कुणी सांगणार नाही हे तिला नीट आठवलं. ती उताणी झाली. आभाळाकडे बघत तिनं श्वास परत मिळवला, हवा तेवढा वेळ घेतला, आणि पालथी होऊन पुढं निघाली. खडक खरखरीत होता, शेवाळलेला, वर शिंपले चिकटलेले. तिनं एक नाही, दोन्ही हात लावले. तळहात थोडा कापला. परतताना त्या जखमेला खारं पाणी झोंबत होतं.

संध्याकाळी उजेड होता तेव्हाच मास्तर आले. नदीकाठच्या एका छोट्या कॅफेत ती बसली होती, केस ओले. त्यांच्या कपाळावर काजळी होती आणि सदऱ्याला ठिणगीनं पडलेलं एक बारीक भोक. दोघं एकमेकांकडे बघून जरासे ओशाळले, बघायच्या कार्यक्रमाला एकमेकांसमोर बसवल्यासारखे.

"आलीस," मास्तर म्हणाले.

"आले. तुमची गाडी?"

"धावली की! शेवटच्या बोगद्यात सगळ्यांनी टोप्या काढल्या. एक म्हातारा रडत होता, मी त्याला..." ते थांबले. "सांगतो. निवांत सांगतो." खुर्ची ओढून बसले. "पुढचं काय? आता पुन्हा एकानं झोपायचंय. पाळी तुझी आहे."

"हो."

"तुला झोपायचंय?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही बुवा." त्यांनी टेबलावर बोटानं काहीतरी आकडेमोड केली, पुसली. "दोघं जागे राहिलो तर उरलेले पैसे आठवडाभरसुद्धा पुरणार नाहीत. महिनाभराचं सांगून निघालो होतो. लोक विचारतील, इतक्यात कसे आलात?"

"सांगू, पैसे संपले."

"लाज वाटेल."

"खरंच संपले असतील हो. त्यात कसली लाज?"

मास्तर हसले. कॅफेवाल्यानं दोन चहा आणून ठेवले, दोघांना दोन, आणि त्यांनी एक परत पाठवला नाही. नदीवरून वारा येत होता. मास्तरांनी तिचा हात उलटा करून तळव्यावरची जखम बघितली. त्यावर हळद लाव, असं ते म्हणणार, हे तिला दिसत होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण ते नुसते बघत राहिले. मग, जगातल्या सगळ्या समुद्रांचं तपमान ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पोरांकडून घोकून घेतलं होतं, त्या माणसानं विचारलं,

"पाणी गार होतं का गं?"

शर्मिलानं चहाचा घोट घेतला. घाई नव्हती. मग तिनं पहिल्यापासून, मामाच्या विहिरीपासून सांगायला घेतलं.